लोपीस टीचरांची एकतीस नावे

सर्जापूर रोडवर ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की लोपीस टीचर बोलणे अर्ध्यावर थांबवीत. हातातला कप बशीत ठेवीत, क्रुसाची खूण करीत आणि आवाज पुढे सरकेपर्यंत खिडकीकडे पाहत राहत. आमच्याकडच्या वाहतुकीत तो पुढे सरकायला कधी कधी दहा मिनिटे लागत. मग त्या म्हणत, "आत कोण आहे त्याला थोडा वेळ मिळू दे. काही बोलायचं राहिलं असेल." आणि वाक्य जिथे सोडले होते तिथूनच पुन्हा उचलीत. चौतीस वर्षे त्यांनी वसईच्या एका मराठी शाळेत शिकवले होते. वाक्य अर्धे राहणे त्यांना सोसत नसे.

मी पत्नीसह समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. मूळचा नगर जिल्ह्यातला. बावीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगळुरात आलो आणि छप्पन्नाव्या वर्षीही तेच काम करतो: इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचे. टीचर इथे आल्या त्या पती वारल्यानंतर, मुलगा नेल्सन याच्याकडे. तो महादेवपुऱ्याला एका कंपनीत होता. सकाळी आठला निघे तो दिवेलागणीनंतर परते. इमारतीत मराठी बोलणारी आणखी पाच-सहा कुटुंबे होती, पण ख्रिस्ती अशी आमची दोनच, त्यामुळे सगळ्यांच्या लेखी आम्ही एकच. नाताळात एकाच्या नावाचा केक दुसऱ्याच्या दारात ठेवला जाई. प्रत्यक्षात टीचर कॅथलिक, आणि मी प्रॉटेस्टंट पाळकाचा मुलगा. बाहेरच्याला हा फरक केसाएवढा वाटतो. आम्हा दोघांना त्याने तीन वर्षे पुरेल एवढे बोलणे दिले.

दिसायला त्या बारक्या, ठेंगण्या. सुती साडीचा पदर खांद्यावर पिनेने पक्का केलेला, चष्मा दोरीने गळ्यात. कोणतीही रेघ पट्टीशिवाय आखायची नाही, हा त्यांचा नियम होता; वाणसामानाची यादीसुद्धा समास सोडून लिहीत. लिफ्टमध्ये सोसायटीची इंग्रजी सूचना लागली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर लाल शाईच्या दुरुस्त्या दिसत आणि खाली शेरा असे, 'अक्षर बरे, विचार अपुरा.' शहात्तराव्या वर्षी त्यांनी कन्नडचे पहिलीचे पुस्तक आणले होते आणि कामाला येणाऱ्या लक्ष्मीअक्कांकडून त्या शुद्धलेखन घालून घेत. मी विचारले, आता कशाला हा त्रास. त्या म्हणाल्या, "इथंच मेले तर फादर कन्नडमध्ये प्रार्थना म्हणतील. माझ्यासाठी काय मागताहेत ते मला कळायला नको?"

मृत्यूविषयी त्या असे नेहमीच बोलत, पुढच्या महिन्यात लागणाऱ्या प्रवासाविषयी बोलावे तसे. तिकीट, सामान आणि वाटेतला मुक्काम. हा वाटेतला मुक्कामच आमच्या वादाचा विषय होता. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे, देवाच्या कृपेत गेलेला पण पुरता शुद्ध न झालेला आत्मा स्वर्गात जाण्याआधी शुद्धिस्थानात थांबतो, आणि जिवंत माणसांच्या प्रार्थना त्याला तिथे उपयोगी पडतात. आमच्या मंडळीत, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चमध्ये, असे शिकवीत नाहीत. माणूस गेला की दार लागले. माझे वडील प्रत्येक दफनविधीत सांगत की मृतासाठी आपण करायचे काही उरलेले नाही, जे करायचे ते प्रभूने केले आहे. लहानपणी मला त्या वाक्याचा मोठा आधार वाटे. त्याची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला जाई आणि बरोबर पवित्र शास्त्र नेई. क्रुसावर शेजारी टांगलेल्या चोराला प्रभूने त्याच दिवशी सुखलोकाचे वचन दिले, मग मधला मुक्काम कुठे आला, असे मी विचारी. त्या ऐकून घेत. श्रीमंत मनुष्य मेल्यावर यातनेत आणि त्याच्या दाराशी पडलेला भिकारी लाजर सुखात, हा दाखला मी काढला तेव्हा मात्र त्यांनी मला अडवले.

"दोघांच्या मध्ये मोठी दरी आहे, टीचर. ओलांडता येत नाही असं स्पष्ट लिहिलंय."

"लिहिलंय. आणि तो श्रीमंत पलीकडून काय मागतो?"

"पाण्यात बुडवलेलं एक बोट."

"ते आधी. नंतर?"

मी पान पाहिले. "आपल्या पाच भावांना कोणीतरी जाऊन सावध करावं, म्हणून विनवतो."

"म्हणजे तिथं बसून त्याला भावांची काळजी आहे. जन्मभर दाराशी पडलेला भिकारी ज्याला दिसला नाही, त्याला. कोणीतरी त्याला आतून धूत असणार, साळवे. नाहीतर अशा माणसाला दुसऱ्याची काळजी कुठून सुचते?"

हे कोणत्याही टीकाग्रंथात बसणारे नव्हते, तसे मी त्यांना सांगितलेही. त्या म्हणाल्या, "ग्रंथ तुमचे. पाच भाऊ माझे."

युद्धात पडलेल्या शिपायांच्या अंगरख्यांखाली मूर्ती सापडल्या आणि त्यांच्या सेनापतीने त्यांच्या पापक्षमेसाठी प्रार्थना करवली, ही मक्काबींच्या पुस्तकातली हकीकत त्या सांगत. ते पुस्तक आमच्या शास्त्रात नाही, हे मी दर वेळी निदर्शनास आणी. "तुमच्याकडे ती पानं नाहीत म्हणून ते शिपाई मेलेच नाहीत का?" त्या विचारीत आणि दुसरा कप ओतीत.

त्यांचा खरा युक्तिवाद पुस्तकातला नव्हता. "वाडीतून काम करून आलेला माणूस चिखलाच्या पायांनी घरात शिरतो का? घर त्याचंच. आत जेवण त्याच्यासाठीच झाकून ठेवलेलं. पण आधी विहिरीवर जाऊन पाय धुवायचे. तेवढंच आहे ते. आणि आपण इथून जे म्हणतो ना, ते पायावर पाणी घालणं. स्वतःचे पाय स्वतः धुतले तरी निघतात, पण कोणी वरून पाणी घातलं की लवकर निघतात." हे सांगताना त्या हसत. त्या हसण्यात काहीतरी अडखळे, पण माझे लक्ष वादात असे. समोरच्याच्या बोलण्यातला दोष शोधणे ही माझी नोकरी आहे, आणि ती मी घरीही करतो.

नोव्हेंबरची दोन तारीख हा त्यांच्याकडे सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्याआधी आपल्या मृतांची नावे पाकिटात घालून चर्चच्या कार्यालयाबाहेरच्या पेटीत टाकायची आणि त्या दिवशीच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, ती पाकिटे वेदीपुढे ठेवायची, अशी रीत. ऑक्टोबर लागला की टीचर लांब वहीत रेघा आखून एक ते एकतीस आकडे घालीत, नावे लिहीत आणि मग स्वच्छ प्रत पाकिटासाठी करीत. त्यात पती होते, आईवडील होते, तापाने गेलेली चौथीतली एक मुलगी होती. ज्यांच्याशी त्यांचे उभ्या नोकरीत पटले नाही ते मुख्याध्यापकही होते. "त्यांना जास्त दिवस लागतील," त्या म्हणाल्या. नेल्सनने त्यांना सांगितले होते की चर्चने आता ऑनलाइन फॉर्म ठेवला आहे. "दहाच रकाने आहेत त्यात," त्या मला म्हणाल्या. "एकवीस जणांना मी कुठं ठेवू?"

पहिल्या क्रमांकावर दर वर्षी एकच नाव असे. अंतोन.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात टीचर न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. वॉकर आला, बाहेर जाणे थांबले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी आमच्या उपासनेला निघालो असता त्यांनी मला आत बोलावले. त्यांचे चर्च माझ्या वाटेवरच होते. नेल्सन कंपनीच्या कामासाठी चेन्नईला गेला होता. त्यांनी पाकीट माझ्या हातात ठेवले आणि सोडले नाही. दोघांच्या हातात ते क्षणभर तसेच राहिले.

"तुम्ही हे मानत नाही, ठाऊक आहे मला. म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं. अंतोन माझा धाकटा भाऊ. प्यायचा. गावच्या सणाला घरी पाहुणे बसले होते आणि भर दुपारी हा वाडीतून आला, चिखलाने माखलेला, झोकांड्या खात. मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, आधी विहिरीवर जाऊन पाय धुऊन ये, मगच आत घेईन." त्या थांबल्या. बाहेर ॲम्ब्युलन्स नव्हती. "गेला बिचारा. ऐकायचा माझं. तोल गेला त्याचा विहिरीत. आम्ही आत जेवत होतो."

त्यांनी पाकिटाकडे बोट केले.

"पाय धुवायचे राहिले त्याचे, साळवे. एक वर्षही मी चुकवलेलं नाही. एवढं नक्की टाका."

मी हो म्हणालो.

आता जे घडले ते जसे घडले तसेच लिहायचा प्रयत्न करतो. विसरलो, असे मी अनेकदा स्वतःला सांगून पाहिले. ते खरे नाही. उपासना आटोपून मी त्यांच्या चर्चपाशी गाडी थांबवली. पेटी समोर होती, लाकडी, वर फट असलेली. पाकीट हातात घेऊन मी तिच्यापुढे उभा राहिलो आणि मला वडिलांचा दफनविधीतला आवाज आठवला. हे पाकीट टाकणे म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या साक्षीविरुद्ध सही करणे, असे मला वाटले. निदान मी तसे ठरवले. तीन वर्षे जो वाद मला जिंकता आला नव्हता, तो त्या पेटीपुढे, टीचर समोर नसताना, मी जिंकून घेतला. त्यात तत्त्व किती होते आणि आडमुठेपणा किती, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. पाकीट गाडीच्या कप्प्यात टाकून मी घरी आलो.

दार उघडेच होते. टीचर वॉकरला धरून उभ्या होत्या. बराच वेळ उभ्या असाव्यात.

"दिलंत?"

"हो."

हा एक शब्द मात्र कोणत्याही मंडळीच्या शिकवणीत बसत नाही.

दोन तारखेला अजून अवकाश होता. त्या दिवसांत मी त्या चर्चवरून चार वेळा गेलो. दोन तारीख उलटली, आणि ज्या गोष्टीचा माझ्या श्रद्धेप्रमाणे कोणावरही काही परिणाम व्हायचा नव्हता, तिने माझे अन्न गोड लागेनासे केले. मृतांना त्या पाकिटाने काही मिळणार नव्हते, तर मग मी कोणाचे काय हिरावले होते? आणि जर मिळणार असेल तर? हा दुसरा प्रश्न मी कोणाला विचारू शकत नव्हतो. आमच्या पाळकांना तर नाहीच.

तीन तारखेला संध्याकाळी कामावरून परतल्यावर मी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो, काचा वर केल्या आणि पाकीट फोडले. ठळक इंग्रजी अक्षरांत, पट्टीने आखलेल्या रेघांवर, एकतीस नावे. मी ती मोठ्याने वाचली. प्रार्थना केली नाही. ती माझ्याने होईना. नुसती नावे, अंतोनपासून मुख्याध्यापकांपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. पत्नी विचारी, खाली एवढा वेळ काय करता. मी सांगे, फोन आला होता. अशा रीतीने एका खोट्याला मी रोज एक खोटे जोडत गेलो.

टीचर मात्र त्या महिन्यात खुलल्या होत्या. कन्नडची बाराखडी पुरी झाली होती. एका रविवारी चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "काल अंतोन आठवला, साळवे. आणि विहीर नाही आठवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

मी चहा न पिताच कप खाली ठेवला. त्यांनी विचारले, "बरं नाही का?" मी काम जास्त असल्याचे सांगितले.

त्याच आठवड्यात नेल्सनने लिफ्टमध्ये सांगितले की आईला तो डिसेंबरात वसईला नेणार, आणि आता ती तिथेच राहायचे म्हणते. तेव्हा मला माझा जुना शनिवार आठवला. वडील आजारी असताना त्यांचा फोन आला होता. आमच्या कामाची मुदत त्या शुक्रवारी संपत होती. मी म्हणालो, शनिवारी येतो. ते म्हणाले, "ये सावकाश, घाई नको." ते गुरुवारी गेले. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे दार लागले, आणि मी बाहेर राहिलो. क्षमा मागायची होती, पण ती पोहोचवायची सोय आमच्या धर्मात नव्हती.

नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेला मी पाकीट खिशात घालून टीचरांकडे गेलो. त्या कन्नडचे पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"टीचर, ते पाकीट मी दिलं नाही."

पुस्तकात बोट ठेवून त्यांनी ते मिटले. "विसरलात?"

हो म्हणणे सोपे होते, आणि ते त्यांनीच माझ्यापुढे ठेवले होते.

"नाही. पेटीपर्यंत गेलो होतो. टाकलं नाही."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"खोटं बोललो."

"कुठं आहे?"

मी दिले. त्यांनी आधी चष्मा लावला, मग पाकीट उलटे करून पाहिले. "हे फोडलंय."

"वाचत होतो. रोज. खाली गाडीत बसून."

"प्रार्थना?"

"नाही. फक्त नावं."

"मनात?"

"मोठ्यानं."

त्यांनी पाकिटाच्या फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "चर्चमध्ये एवढी पाकिटं जमतात, की एकेक नाव कोणी वाचत नाही," त्या म्हणाल्या. "टोपली वेदीपुढं ठेवतात, झालं." मग नजर वर केली. "पण महिनाभर मी निवांत झोपले, ती फसवून झोपवलंत मला."

"हो."

"आता मला पुन्हा विहीर दिसणार."

मी उठलो. दारापाशी पोहोचलो तेव्हा मागून आवाज आला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"तुमचं कोण आहे?"

"म्हणजे?"

"दुसऱ्याची एकतीस नावं जो रोज वाचतो, त्याचं स्वतःचं एक अडकलेलं असतं. नाव सांगा. बत्तिसावं घालते."

"माझे वडील असलं काही मानत नव्हते, टीचर."

"त्यांना कुठं विचारतेय मी?"

मी नाव सांगितले नाही. त्यानंतर चहाचे बोलावणे आले नाही. दोन रविवार मी समोरच्या बंद दाराकडे पाहत घरातच बसलो.

वसईला गेल्यावर त्या आठ महिने होत्या. ऑगस्टमध्ये गेल्या. नेल्सनने फोनवर कळवले. मी जास्त काही विचारले नाही. मला विचारायचे होते की त्यांची ती लांब वही कुठे आहे, आणि तिच्यातली नावे आता कोण पोहोचवणार. आजतागायत मी ते विचारलेले नाही. विचारले आणि तो म्हणाला, कुठली वही, तर मग मी काय करू?

या ऑक्टोबरच्या अखेरीस मी एक पाकीट तयार केले. एकतीस नावे मला पाठ आहेत. बत्तिसावे टीचरांचे लिहिले, एमिलिया लोपीस. रेघा पट्टीने आखल्या. पेटीपुढे उभा राहिलो, आणि वडिलांचा आवाज या वेळीही ऐकू आला. पाकीट मी तो ऐकत ऐकत टाकले. माझी श्रद्धा बदलली असे मी म्हणू शकत नाही. मी एका बाईला हो म्हणालो होतो, एवढेच मला ठाऊक आहे. वडिलांचे नाव त्या पाकिटात नाही. ते मी एकदा दिलेले आहे.

टीचर निघाल्या त्या डिसेंबरातल्या दुपारी विमानतळाला जाणारी टॅक्सी फाटकाशी उभी होती. नेल्सन डिकीत वॉकर बसवण्याच्या खटपटीत होता. टीचर मागच्या सीटवर, पदर नीट, पिशवी मांडीवर. मी निरोपासाठी खाली उतरलो होतो, पण जवळ जायचा धीर होत नव्हता. त्यांनीच काच खाली केली.

"बोला," त्या म्हणाल्या.

मी वाकलो. "यशवंत."

काही न विचारता त्यांनी चष्मा चढवला आणि पिशवीतून वही काढली. "आडनाव साळवेच?"

"हो."

"आधी पाळक लिहू?"

"नको. नुसतं नाव असू दे."

डिकी लागली, नेल्सन पुढे येऊन बसला. ड्रायव्हर आरशात पाहून कन्नडमध्ये घाई करीत म्हणाला, "स्वल्प बेगा, अम्मा."

"सरी, सरी," टीचरांनी कन्नडमध्येच होकार दिला, पण पेन टेकवले नाही. पानावर बत्तिसावी रेघ नव्हती. पट्टी सामानात गेली होती. त्यांनी पिशवीतून विमानाचे तिकीट छापलेला कागद काढला, त्याची घडी करून कड सरळ केली आणि ती वहीवर ठेवून रेघ आखू लागल्या. गाडी सुरू झाली. फाटकातून बाहेर पडताना मागच्या काचेतून मला त्यांची मान खाली झुकलेली दिसत होती. पुढे रस्ता वळतो. नाव लिहून झाले होते की नाही, ते मला दिसले नाही.